‘अळीला सवय झाली’ इथून धडा सुरू करा

पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. नोकरी तशी नवीनच आहे. विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’, त्यामुळे शाळा उघडली की लगेच तोच. यंदा मी वर्गात नेहमीचा तक्ता लावला, माकडापासून माणसापर्यंत एकामागे एक चालणाऱ्या आकृत्यांचा. दहा मिनिटांत एका मुलाने विचारलं, “मॅडम, माकडाचा माणूस झाला, तर आता माकडं कशी काय शिल्लक आहेत?” वर्ग हसला. मला नीट उत्तर देता आलं नाही. मधल्या सुट्टीत पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, येणाऱ्या एका मुलाला काही जण तक्त्यातली मधली आकृती दाखवून “हा तू” म्हणत होते. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. एका मुलीने सांगितलं की दशावतारात हेच तर आहे. त्यातच एक पालक मोबाइलवर एका मंत्र्यांचा जुना व्हिडिओ घेऊन आले. “माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलाय का? मग पोरांनी देव मानायचा की नाही?” मुख्याध्यापक म्हणतात, वाद कशाला, प्रश्नोत्तरं लिहून द्या आणि धडा उरकून टाका, केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने तर दहावीतून तो काढूनच टाकला. मला हा धडा मनापासून शिकवायचा आहे. वर्गात काय बोलू, कसं बोलू? आणि माझं स्वतःचं मत मुलांना सांगावं का?

एक शिक्षिका

उत्तर

ताई,

तुम्ही पालकांबद्दल विचारलंत, मुख्याध्यापकांबद्दल विचारलंत. पोडावरून येणाऱ्या त्या मुलाचा मात्र नुसता उल्लेख केलात. मला सगळ्यात तातडीचं तेच वाटतं. तो परत आला का? आला नसेल तर धडा बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या घरी जाऊन या. शाळा का बुडवली हे विचारायला जाऊ नका, त्याला बोलवायला जा.

मग वर्गात, त्याचं नाव न घेता आणि त्याच्याकडे न बघता, एक गोष्ट ठाम आवाजात सांगा. आज पृथ्वीवर जिवंत असलेला प्रत्येक माणूस होमो सेपियन्स या एकाच प्रजातीचा आहे. नागपूरचा असो, नॉर्वेचा असो, पोडावरचा असो की पुण्याचा. आपल्या प्रजातीचे आतापर्यंत सापडलेले सगळ्यात जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरूदचे, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे. आपण आफ्रिकेत घडलो, आणि आफ्रिकेबाहेरची आजची माणसं मुख्यतः गेल्या ५० ते ७० हजार वर्षांत तिथून बाहेर पडलेल्यांची वंशज आहेत. तुमच्या वर्गातल्या कुठल्याही दोन मुलांच्या मागे सारख्याच लांबीचा भूतकाळ आहे. कोणी अर्ध्या वाटेवर थांबलेलं नाही, कोणी पुढे निघून गेलेलं नाही. कातडीच्या रंगाचा विषय निघालाच तर तोही टाळू नका. प्रखर उन्हाच्या प्रदेशात गडद त्वचा अतिनील किरणांपासून शरीराचं संरक्षण करते, ऊन कमी असलेल्या प्रदेशात उजळ त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करणं सोपं जातं. उन्हाच्या हिशेबाने हे झालेलं आहे, त्यात वरचा-खालचा असं काही नाही.

त्या मुलांना नुसतं रागावून भागणार नाही. त्यांनी तक्ता चुकीचा वाचलेला नाही. तो जे सांगतो तेच त्यांनी वाचलं. डावीकडचा मागासलेला, उजवीकडचा पुढारलेला, आणि सगळे जण एकाच दिशेने निघालेले. या सगळ्या तक्त्यांचं मूळ चित्र १९६५ साली अमेरिकेत रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने काढलं. पुढे त्याच्या इतक्या नकला झाल्या की उत्क्रांती म्हटलं की जगभर लोकांच्या डोळ्यांपुढे तीच रांग येते. माझं स्पष्ट मत आहे की हा तक्ता शाळेच्या भिंतीवर नसावा. काढा तो.

त्याच्या जागी फळ्यावर झाड काढा. डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत पहिल्यांदा जी आकृती खरडली तीही फाटे फुटत जाणाऱ्या झाडाचीच होती. बुंध्यापाशी एक पूर्वज, त्याला फुटलेले दोन फाटे, प्रत्येक फाट्याला आणखी फाटे. एका टोकाला माणूस लिहा, दुसऱ्या टोकाला चिंपांझी, तिसऱ्याला गोरिला, बऱ्याच लांबच्या फाट्यावर आपल्याकडचं वानर आणि लाल तोंडाचं माकड. आणि मग त्या मुलाचा प्रश्न पुन्हा घ्या. तो प्रश्न उत्तम आहे हे त्याला सगळ्यांसमोर सांगा, कारण तक्ता खरा असता तर त्याचा आक्षेप बिनतोड ठरला असता. त्यालाच विचारा, तुझा चुलत भाऊ तुझ्यापासून झाला का? नाही. तुम्हा दोघांचे आजोबा एक. मग तू आहेस म्हणून तो नसावा असं का वाटावं? माणूस आणि चिंपांझी यांचा सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो माणूस नव्हता आणि आजचा चिंपांझीही नव्हता. त्याच्या वंशाचे फाटे झाले, एकीकडे आपण, दुसरीकडे ते. गावच्या देवळाजवळ बसणाऱ्या माकडांचा फाटा तर त्याच्याही बराच आधी निघालेला, आणि आपल्याइतकाच काळ तोही बदलत आलेला आहे.

पण माणसाचा हा भाग पहिल्या तासाला घेऊ नका. तुमच्या वर्गात जे झालं त्याचं अर्धं कारण सुरुवातच माणसापासून झाली हे आहे. मूल स्वतःबद्दल, घराबद्दल, देवाबद्दल सावध होऊन बसलं की पुढचं काही कानात शिरत नाही. तुम्ही कापसाच्या मुलखात शिकवता. नैसर्गिक निवडीचं इतकं ठळक उदाहरण पुस्तकातल्या जिराफाला जमणार नाही. गुलाबी बोंडअळी घ्या.

तुमच्या मुलांना यातलं पुष्कळ आधीच ठाऊक असणार. डोमकळी त्यांनी पाहिलेली असते, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल. ते उकललं की आत अळी. बोंडात शिरलेली अळी तर बाहेरून कळतही नाही, कारण कोवळ्या हिरव्या बोंडावरचं बारीक छिद्र बुजून जातं. फोडलं तरच दिसतं, डागाळलेली रुई, खाल्लेली सरकी, कधी दोन सरक्या एकमेकींना जोडून आत बसलेली अळी. वेचणीच्या वेळी अशा बोंडांची कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी काढायचं काम मुलांच्या आयांनी केलेलं असतं. गेल्या हंगामातली दोन-चार कवडीची बोंडं कोणाच्या घरी नक्की सापडतील. ती मागवा, बाकाबाकावर फिरवा.

मग घटनाक्रम फळ्यावर लिहा. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं, त्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होऊ लागलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. २००८-०९ च्या सुमारास गुजरातमध्ये पहिल्या प्रकारच्या बीटीवर जगणारी गुलाबी बोंडअळी सापडली, काही वर्षांत दोन जनुकांच्या बीटीलाही ती जुमानेना, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने कहर केला.

इथे मुलांना विचारा, असं का झालं? बहुतेक वर्गांत एकच उत्तर येतं. “अळीले औषधाची सवय झाली, मॅडम.” बाप म्हणतो, कृषी केंद्रवाला म्हणतो, मुलगाही तेच म्हणतो. हे उत्तर तुमच्या धड्याचं दार आहे. चूक म्हणून खोडू नका. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि म्हणा, आपण आता हे तपासू.

पांढऱ्या खडूने फळाभर ठिपके काढा, शे-दीडशे. त्यांत लाल खडूचे दोन. पांढऱ्या म्हणजे बीटीने मरणाऱ्या अळ्या. लाल म्हणजे जन्मतःच ज्यांच्या शरीरात जनुकाचा थोडा वेगळा अवतार आहे अशा, विष खाऊनही न मरणाऱ्या. हे लाल ठिपके बीटी येण्याच्या आधीपासून होते, हे दोनदा सांगा. बीटीने ते निर्माण केले नाहीत. आता एका मुलाला डस्टर द्या आणि बहुतेक सगळे पांढरे पुसायला लावा. चुकून वाचलेले पाच-सहा राहू द्या. उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला त्याच रंगाची दहा-दहा पिल्लं काढायला दुसऱ्या मुलीला बोलवा. पुन्हा पुसा. पुन्हा काढा. कपाशीवर बोंडअळीची एक पिढी साधारण महिनाभरात होते, हंगामात चार-पाच पिढ्या सहज निघतात, आणि फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखली, तर आणखी. मुलं हे पुसणं-काढणं दोन वेळा करतील तोवर फळा बहुतेक लाल झालेला असेल.

आता प्रश्न विचारा. एक तरी पांढरा ठिपका लाल झाला का? झाला नाही. कोणाला कसली सवय झाली का? ज्या अळीला सवय व्हायला हवी होती ती तर पुसली गेली. एकही अळी बदलली नाही, तरी शेतातल्या अळ्या बदलल्या. हे वाक्य मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या आणि त्याला हवा तेवढा वेळ द्या. नैसर्गिक निवड म्हणजे नेमकं एवढंच. भेद आधीपासून असतात, ते पिल्लांकडे जातात, परिस्थिती काहींना जगू देते आणि काहींना नाही, आणि पिढ्यांमागून पिढ्या जगणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं. लाल ठिपके मुळात कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात आपोआप होणारा बदल, हा शब्द तेव्हा आणा, त्याआधी नको.

हुशार मुलांसाठी यातच पुढचा प्रश्न आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचं बियाणं मिळायचं, कडेने लावायला. त्यावर अळ्या पोसल्या जाणार हे उघड होतं. मग ते लावायला का सांगायचे? पुष्कळ शेतकऱ्यांनी ते लावलंच नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण जाणूनबुजून अळीला वाढवायचं का, हे कोणी त्यांना धड समजावलं नव्हतं. उत्तर मुलांच्या नववीच्या अभ्यासात आहे. विष पचवण्याचा हा गुण बहुतांशी अप्रभावी, आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच अळी तगते. साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर पांढरे पतंग आसपास असले तर लाल पतंगांची जोडी बहुधा पांढऱ्यांशीच जमते, आणि त्यांची संकरित पिल्लं बीटीवर मरतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल आणि डार्विन एकाच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भेटतात ते असे. हे ज्या मुलाला उमगेल तो घरी जाऊन बापाला समजावेल, आणि असा गृहपाठ दुसरा नाही.

एक मात्र सांभाळा. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बोंडअळी हा शब्द काही घरांत कर्जाचा असतो, काही घरांत त्याहून वाईट आठवणीचा. कोणाच्या शेतात किती नुकसान झालं हे वर्गात हात वर करून विचारू नका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या वाहकांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते जनुक टिकून राहिलं. विदर्भाच्या वर्गासाठी हे उदाहरण फार मोलाचं आहे. पण बाकावर बसलेल्यांपैकी कोणाच्या खिशात सिकलसेल तपासणीचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल हे लक्षात ठेवूनच बोला.

आता तुमच्या स्वतःच्या वाक्यांकडे येते. उत्क्रांती शिकवताना आपणच नकळत डार्विनऐवजी त्याच्या आधीचा फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क शिकवत असतो. “जिराफाने उंच पाला खाण्यासाठी मान लांब केली.” “उडण्यासाठी पक्ष्यांना पंख आले.” “जंतूंनी औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार केली.” प्रत्येक वाक्यात प्राण्याने काही तरी ठरवलेलं आहे आणि ते घडवून आणलेलं आहे. मुलं तेच उचलतात, आणि मग परीक्षेत डार्विनच्या नावाखाली लामार्क लिहून ठेवतात. अशी पाच वाक्यं फळ्यावर लिहा आणि मुलांकडून दुरुस्त करून घ्या. “ज्यांची मान थोडी लांब होती त्यांना खायला मिळालं, ती जगली, त्यांची पिल्लं जास्त झाली.” वाक्य लांबतं, पण खरं होतं. लामार्कने हे १८०९ मध्ये मांडलं तेव्हा त्यात काही वेडगळ नव्हतं, हेही सांगा. प्रजाती बदलतात एवढं म्हणायलाच त्या काळी धाडस लागत होतं. चूक होती ती, जन्मभरात कमावलेलं पिल्लांकडे जातं या भागात. आपल्याकडे किती पिढ्या मुलींचे कान टोचतात, तरी टोचलेले कान घेऊन एकही मुलगी जन्माला आलेली नाही. एवढं सांगितलं की पुरतं.

भेद हा सगळ्याचा पाया आहे, तो मुलांच्या अंगावरच दाखवा. तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक कंडरा उठून दिसेल. काहींच्या एकाच हाताला दिसेल, काहींना मुळीच नाही. नसली म्हणून हाताचं बळ फारसं कमी होत नाही. मुलं एकमेकांचे हात बघतात, घरी जाऊन आजीचा हात बघतात. अवशेषांगांबद्दल पुस्तकातली यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त अवशेषांग म्हणजे पूर्ण निरुपयोगी असं सांगू नका, आंत्रपुच्छाला आपल्या प्रतिकारयंत्रणेत थोडंफार काम असल्याचं आता दिसून आलेलं आहे. मूळ काम उरलं नाही, एवढंच त्या शब्दातून घ्यायचं.

त्या पालकांनी दाखवलेला व्हिडिओ बहुधा जानेवारी २०१८ चा असावा. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादच्या एका संमेलनात म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही. त्यानंतर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट केलं. पालकांना मात्र निवेदन वाचून दाखवून काही होणार नाही. त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या, आणि आधी कबूल करा की बरोबर आहे, कोणीच पाहिलेलं नाही, आणि असं एका रात्रीत घडलं असं कोणी शास्त्रज्ञ म्हणतही नाही. मग म्हणा, मी तुम्हाला एक गोष्ट दाखवू का? माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझीच्या पेशीत २४. दोघांचा पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? ती हरवून चालणार नव्हती. तिच्यावरची जनुकं गेली असती तर जीव जगला नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. शोधलं तेव्हा माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो सांधा सापडला. गुणसूत्राच्या टोकाला असते तशी रचना त्याच्या मधल्या भागात आहे, आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूची, म्हणजे गुणसूत्राच्या भुजा जिथे जुळतात त्या जागेची, खूणही आहे. कोणी पाहिलेलं नसलं तरी खुणा वाचता येतात. दहावीच्या मुलाला हे पूर्ण समजतं. पालकांना सगळं समजलं नाही तरी आपल्या पोराला मॅडम काही विचार करून शिकवतात एवढं नक्की कळतं.

देवाबद्दलचा त्यांचा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊ नका. वर्गात आणि पालकांपुढे तुमचं वाक्य एकच असू द्या. मी मुलांना देव मान किंवा मानू नको असं काहीच सांगत नाही. सजीव कसे बदलत आले याचे पुरावे काय आहेत आणि ते कसे वाचायचे, एवढं मी शिकवते. विसाव्या शतकात उत्क्रांतीच्या अभ्यासाला जनुकशास्त्राची भक्कम जोड देणारे थिओडोसियस डोब्झान्स्की स्वतः सश्रद्ध ख्रिस्ती होते. देव मानणारी आणि न मानणारी, दोन्ही प्रकारची माणसं हे शास्त्र करत आली आहेत. एखाद्या मुलाने “आमच्या घरी असं मानत नाहीत” म्हटलं तर त्याच्या घराला वर्गासमोर उभं करू नका. “ठीक आहे, शास्त्रज्ञ काय म्हणतात आणि कशावरून म्हणतात ते तू मला समजावून सांग” एवढं मागा. परीक्षाही तेवढंच मागते.

दशावताराचं बोलणाऱ्या मुलीला गप्प करू नका. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम बघून असं वाटणं साहजिक आहे, ही तुलना एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. पण धड्यात पुरावा म्हणून ती घेऊ नका. उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणजे प्राण्यांचा क्रम नव्हे, बदल कसा घडतो याचं स्पष्टीकरण आहे, आणि ते अवतारकथांमध्ये नाही. कथा त्यासाठी रचलेल्याच नाहीत. शिवाय तुमच्या वर्गात बौद्ध, मुस्लिम, आदिवासी मुलं बसलेली आहेत. विज्ञानाचा धडा एका धर्माच्या कथेवर उभा केला की बाकीच्यांना तो आपला वाटत नाही, आणि उद्या सिद्धांतात काही सुधारणा झाली तर त्या मुलीची श्रद्धा विनाकारण पणाला लागते. हे तिला वेगळं बोलावून सांगितलं तरी चालेल.

तुमचं स्वतःचं मत? देवाबद्दलचं मत वर्गात सांगायची गरज नाही. मुलांनी विचारलं तर, ते माझं खासगी आहे, असं हसून सांगा. पण उत्क्रांतीबद्दल “काही लोक असं मानतात” अशी पळवाट कधीही घेऊ नका. आपण गुरुत्वाकर्षणाबद्दल असं म्हणत नाही. मुलांना शिक्षकाचा चाचरणारा आवाज लगेच ओळखू येतो, आणि मग ती समजतात की हे फक्त मार्कांपुरतं आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तुम्ही कोणावर काही लादत नाही, नेमून दिलेलं काम करत आहात.

मुख्याध्यापकांना एवढंच सांगा. एनसीईआरटीने कोविडनंतर अभ्यासक्रमाचा भार कमी करताना दहावीतला उत्क्रांतीचा भाग काढला हे खरं, आणि त्यावर एप्रिल २०२३ मध्ये देशभरातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहून तो भाग पुन्हा पुस्तकात घ्यावा अशी मागणी केली हेही खरं. बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्यांना तो पुढे भेटतो, बाकीच्यांना नाही. आपल्या मंडळाच्या पुस्तकात तो दहावीला आहे हे आपल्या मुलांचं भाग्य आहे. तुमच्या वर्गातली कितीतरी मुलं दहावीनंतर कला शाखेला जातील, आयटीआयला जातील, मुलींची लग्नं होतील. उत्क्रांती त्यांना आयुष्यात एकदाच भेटणार आहे, तुमच्या तासाला. मुख्याध्यापकांना मार्कांची काळजी असेल तर ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न समजलेल्या मुलांकडून आणि पाठ केलेल्या मुलांकडून सोडवून घ्या आणि दोन्ही पेपर त्यांच्या टेबलावर ठेवा.

राहिली वेळेची अडचण. धडा जूनमध्ये, आणि बोंडं भरतात ऑक्टोबरात. म्हणून जूनमध्ये वाळलेल्या कवडीवर भागवा आणि ऑक्टोबरात एक तास परत या धड्यासाठी ठेवा. कृषी खात्याच्या गावातल्या कर्मचाऱ्याला सांगून शाळेजवळच्या शेतात एखादा कामगंध सापळा लावून घ्या. त्यातल्या गोळीला मादी पतंगाच्या गंधाचं कृत्रिम रसायन लावलेलं असतं, नर येऊन अडकतात. सापळा उंचीला पिकाच्या जरा वर हवा आणि गोळी वेळोवेळी बदलावी लागते. रोज सकाळी कोणी पतंग मोजायचे याच्या पाळ्या मुलांनीच ठरवाव्यात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले तर शेतकऱ्याने उपाय सुरू करायचा असतो. म्हणजे मुलांची वही गावाच्याही कामाला येईल. त्या पोडावरच्या मुलाला पहिल्या पाळीत घ्या. शेतातली डोमकळी ओळखणं त्याला तुमच्यापेक्षा लवकर जमत असेल, आणि तसं असेल तर इतरांना शिकवायचं काम त्याच्याकडे द्या.